सहावीचे अपूर्णांक आणि अध्ययनाच्या उपपत्ती: मूल नेमकं कुठं अडलंय?

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बी.एड. होऊन दुसरं वर्ष, सोलापूरच्या पूर्व भागातली मराठी माध्यमाची शाळा, सहावीच्या वर्गात ५४ मुलं. अपूर्णांकांची बेरीज तुम्ही आधी गट पाडून, ज्ञानरचनावादी पद्धतीनं, म्हणजे मुलांनी स्वतः शोधून शिकावं अशा रीतीनं घेतली. गोंगाट झाला आणि चाचणीत मोजकीच मुलं तरली. मग फळ्यावर रीत देऊन भरपूर सराव करून घेतला. त्या आठवड्यात गणितं सुटली, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्म्या वह्यांत पुन्हा १/२ + १/३ = २/५. वर्गात प्रश्न विचारला की पुढची आठ-दहा मुलंच बोलतात. मूल कसं शिकतं याच्या सिद्धांतांबद्दल, म्हणजे उपपत्तींबद्दल, स्टाफरूममध्ये ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "उपपत्ती परीक्षेपुरत्या असतात." आणि आता तुम्ही विचारताय की थॉर्नडाईक, स्किनर, पियाजे, व्हायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांपैकी वर्गात खरोखर कोण उपयोगी पडतो.

मी याच भागात २६ वर्षं गणित शिकवते आहे आणि गेली काही वर्षं छात्राध्यापकांचे सराव पाठही पाहते. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि मनापासून विचारतं. तुमच्या एका प्रश्नात मला तीन प्रश्न दिसतात. मुलांना अपूर्णांक कळलेलेच नाहीत, हा पहिला. ज्यांना जमत होतं ते विसरले, हा दुसरा. आणि बरीच मुलं तोंडच उघडत नाहीत, हा तिसरा. या तिन्हींना एकच औषध शोधायला गेलात तर प्रत्येक उपपत्ती खोटी वाटणार, आणि सहकाऱ्यांचं म्हणणं खरं वाटणार.

काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत, त्या तुम्हीच पाहायच्या. वर्गात बाक लांब आहेत की सुटे, तास ३५ मिनिटांचा की ४०, घरी तेलुगू बोलणारी मुलं किती, कन्नड किती, उर्दू किती, आणि चौथीपर्यंतचं गणित किती जणांचं पक्कं आहे. विशेषतः शेवटची बाब. ज्याला दशक सुटा करून वजाबाकी करता येत नाही, त्याच्यापुढे समच्छेद ठेवणं म्हणजे पायाच नसलेल्या भिंतीला गिलावा करणं.

आता उपपत्तींबद्दल. बी.एड.च्या पुस्तकात त्या सगळ्या एकाच प्रकरणात, एकाखाली एक येतात. त्यामुळे आपल्याला वाटतं की एकाच प्रश्नाची ही वेगवेगळी उत्तरं आहेत आणि त्यातलं बरोबर उत्तर निवडायचं आहे. पण ही माणसं वेगवेगळ्या गोष्टींकडे बघत होती. थॉर्नडाईकनं १८९८मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मांजर धडपडतं, चुकून खटका ओढला जातो, दार उघडतं, आणि दर खेपेला वेळ थोडा थोडा कमी होत जातो. त्याचा प्रश्न होता की चुकतमाकत घडलेली योग्य कृती अंगवळणी कशी पडते. मानसशास्त्रज्ञ कोहलर पहिल्या महायुद्धाच्या काळात टेनेरिफ बेटावर चिंपांझींचा अभ्यास करत होता. त्याच्या सुलतान नावाच्या चिंपांझीनं दोन काठ्या एकमेकींत खोचून लांबचं केळं ओढलं. तिथे प्रश्न होता तो एकदम लख्ख दिसण्याचा, म्हणजे आपण ज्याला मर्मदृष्टी म्हणतो त्याचा. पियाजेनं स्वतःच्या तीन मुलांना वर्षानुवर्षं निरखलं आणि मुलाच्या विचाराची घडण कशी बदलत जाते ते मांडलं. व्हायगॉट्स्कीचा सगळा रोख माणसामाणसांतल्या बोलण्यावर होता.

म्हणून मी छात्राध्यापकांना सांगते, पाठाच्या टाचणात "उपपत्ती" असा रकाना असेल तर तो सगळ्यात शेवटी भरा. आधी मुलाची वही उघडा. चूक नेमकी कुठल्या जातीची आहे ते ओळखता आलं की कुणाचं ऐकायचं ते कळतं. सवय जडलेली नाही, अर्थ लागलेला नाही, आठवणीतून निसटलंय, भाषेत अडलंय की भीती बसलीय, यातलं काय झालंय ते बघायचं.

माझ्या वर्गातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण मला हे सगळं पुस्तकापेक्षा तिच्यामुळे समजलं. सहावीत एक मुलगी होती. घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळायची आणि ही शाळेतून गेली की आईला बंडलं बांधू लागायची. वजाबाकीच्या चाचणीत तिनं १००० − २७५ याचं उत्तर लिहिलं होतं १२७५. मी लाल फुली मारली आणि पुढे गेले. त्याच आठवड्यात एकदा मधल्या सुट्टीत ती बाकावर एकटी बसलेली दिसली, म्हणून सहज विचारलं, "आईच्या किती झाल्या आज?" म्हणाली, "सकाळपर्यंत पावणेतीनशे." मी म्हटलं, "मग हजाराला किती राहिल्या?" तिनं क्षणभर वर पाहिलं आणि म्हणाली, "सव्वासातशे."

मी वही आणून तिच्यापुढे ठेवली. तेच आकडे. विचारलं, हे कसं केलंस? तिनं बोट ठेवून दाखवलं. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून पाचातून शून्य, पाच. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सात. मग दोन. एक तसाच खाली. म्हणजे हातचा घ्यायचा प्रसंग आला की लहान अंक मोठ्यातून काढायचा, हा तिनं स्वतःच बनवलेला नियम होता, आणि तो ती प्रत्येक गणितात चोख पाळत होती. मग विचारलं, विड्यांचं कसं केलंस? "पंचवीसचं एक बंडल. चाळीस बंडलांचे हजार. अकरा झाले, एकोणतीस राहिले. अठ्ठावीसचे सातशे, वरचे पंचवीस."

सर, या मुलीला वजाबाकी येत नव्हती असं कोण म्हणेल? विडीची मजुरी हजारावर ठरते, त्यामुळे हजाराला किती कमी पडतात हा हिशेब त्या घरात रोजचा. तिला येत नव्हती ती कागदावरची रीत, आणि त्या रीतीचा तिच्या माहितीतल्या वजाबाकीशी काही संबंध आहे हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. उत्तर मूळ आकड्यापेक्षा मोठं आलं याचं तिला काही वाटलं नाही, कारण वहीतलं गणित हे खऱ्या वस्तूंबद्दल असतं असा तिचा समजच नव्हता.

पुढे वाचनात आलं की ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास झाला होता. कॅराहर दांपत्य आणि श्लीमन यांनी तो १९८५मध्ये प्रसिद्ध केला. मुलं फक्त पाच होती, पण निष्कर्ष विसरता येत नाही. विक्री करताना विचारलेले हिशेब सुमारे ९८ टक्के बरोबर, आणि त्याच आकड्यांची नुसती गणितं कागदावर दिली तर सुमारे ३७ टक्के. सोलापुरात तर असली मुलं प्रत्येक वर्गात बसलेली आहेत. कुणी मंगळवार बाजारात आईबरोबर भाजी विकतं, कुणी टॉवेलच्या कारखान्यात डझनाच्या घड्या मोजतं.

मानसशास्त्रज्ञ ऑसुबेलचं म्हणणं तुम्ही वाचलं असेल की अध्ययनावर सगळ्यात मोठा परिणाम करणारी गोष्ट म्हणजे मुलाला आधीच काय येतं. परीक्षेत आपण ते "अर्थपूर्ण अध्ययन" या मथळ्याखाली लिहितो आणि पाठात त्याचं "पूर्वज्ञान जागृती" नावाचं दोन मिनिटांचं सोपस्कार करतो. मागच्या इयत्तेत काय शिकलात, एवढंच विचारतो. त्या मुलीचं पूर्वज्ञान मागच्या इयत्तेत नव्हतंच, ते घरच्या सुपात होतं.

यात माझीही एक चूक झाली, ती तुमच्या उपयोगाची आहे. मला वाटलं, हिला बंडलं कळतात तर बंडलांवरूनच हातचा शिकवावा. दोन दिवस प्रयत्न केला, ती आणखी गोंधळली. कारण तिचं बंडल पंचवीसचं आणि आपली लेखनपद्धती दहाची. एकीकडचं शिकलेलं दुसरीकडे तेव्हाच जातं जेव्हा दोन्हींची रचना जुळते. थॉर्नडाईकनं अध्ययन संक्रमणाबद्दल समान घटकांची जी गोष्ट सांगितली ती हीच. मग मी खोट्या नोटा केल्या, शंभराच्या, दहाच्या आणि एक रुपयाची नाणी. तिच्याकडे शंभराच्या दहा नोटा, मला २७५ द्यायचे. म्हणाली, "सुट्टे नाहीत की मॅडम." म्हटलं, मग मोड करून आण. तिनं एक शंभराची मोडून दहाच्या दहा आणल्या, त्यातली एक दहाची मोडून दहा नाणी आणली. नऊ शंभर, नऊ दहा, दहा नाणी. त्यातून पाच नाणी, सात दहाच्या, दोन शंभराच्या दिल्या आणि उरलेले मोजले. मग तेच नोटांचं चित्र काढून केलं. मग आकडे लिहून. हातचा म्हणजे मोड, हे तिला त्या दिवशी दिसलं आणि वहीतल्या जुन्या १२७५वर तिनं स्वतःच काट मारली.

मानसशास्त्रज्ञ ब्रूनरनं कृती, प्रतिमा आणि चिन्ह असे जे तीन टप्पे सांगितले ते इथे आपोआप आले. त्यातला मधला टप्पा, चित्राचा, आपण बहुतेक वेळा गाळतो. वस्तू हाताळून झाल्या की थेट आकड्यांवर उडी मारतो आणि मग म्हणतो, साहित्य वापरूनही उपयोग झाला नाही.

इथवर अर्थ न लागण्याबद्दल झालं. आता तुमचा गटपाठ. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावाद हा शब्द आपल्याकडे शाळाशाळांत पोचला. फरशीवर आकडे आणि अक्षरं रंगवली गेली, मुलं गोल बसली. ज्या वर्गात मुलाचा हात आणि डोकं त्या रंगवलेल्या आकड्यांपर्यंत पोचलं तिथे फार चांगलं काम झालेलं मी पाहिलंय. पण मुलानं ज्ञान स्वतः रचायचं म्हणजे शिक्षकानं काही सांगायचंच नाही, असा अर्थ बऱ्याच ठिकाणी घेतला गेला, आणि तो मला घातक वाटतो. अगदी नव्या गोष्टीत मुलाच्या डोक्यावर एका वेळी किती भार येतो याचा विचार मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलरनं १९८०च्या दशकात मांडला. सोडवलेलं उदाहरण नीट पाहणाऱ्या नवशिक्याला, स्वतः धडपडणाऱ्यापेक्षा पुष्कळदा जास्त कळतं, हे त्याच्या बीजगणितावरच्या प्रयोगांतून दिसलं. कारण धडपडणाऱ्याची सगळी शक्ती वाट शोधण्यात जाते, रचना दिसायला काही उरतच नाही.

तुमच्या गटातल्या सहा मुलांना समच्छेद म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं आणि ते त्यांनी शोधून काढावं अशी अपेक्षा होती. त्यातल्या एखाद्याला क्लासमध्ये सांगितलेलं असणार, त्यानं सोडवलं, बाकीचे बोलत बसले. तो गोंगाट शिस्तीचा प्रश्न नव्हता. पाचांच्या हाताला कामच नव्हतं. माझ्या अनुभवात एवढ्या मोठ्या वर्गात सहाचे गट नकोतच. बाकावरची जोडी पुरे. नवीन भाग असेल तर आधी दोन उदाहरणं मी पूर्ण सोडवून, प्रत्येक पायरीला "असं का केलं?" विचारत दाखवते. तिसरं उदाहरण अर्धं सोडवलेलं देते. चौथं जोडीनं. शोधायला लावणारा प्रश्न त्यानंतर, आणि तेव्हा तो खरोखर रंगतो.

व्हायगॉट्स्कीकडे येऊ, कारण आपल्या गावात त्याच्याइतका जवळचा दुसरा कुणी नाही. हा माणूस १९३४मध्ये अवघ्या ३७व्या वर्षी गेला. त्याचं निकटविकास क्षेत्र म्हणजे मूल आज एकटं करू शकत नाही पण कुणाच्या मदतीनं करू शकतं, तो पट्टा. टाचणात आपण त्याचा अर्थ "थोडं अवघड काम देणे" असा करतो. खरा मुद्दा मदतीचा आहे, आणि मदत बोलण्यातून होते. मग भाषा आलीच.

अपूर्णांकांच्या तासाला मी "छेद समान करून घ्या" म्हणत होते. मागच्या बाकावर एक मुलगा गप्प. छेद म्हणजे काय, विचारलं तर म्हणाला, "भोक." शब्दाच्या अर्थानं बरोबरच होतं की ते! घरी तो अर्ध्याला तेलुगूत सगम म्हणायचा, अंश आणि छेद हे शब्द त्याला कुठूनही ओळखीचे नव्हते. त्याच्या शेजारच्या मुलीला मी म्हटलं, तुमच्या भाषेत याला सांग. तिनं कागदाची घडी घालून दोन मिनिटांत सांगितलं. काय सांगितलं ते मला सगळं कळलं नाही, पण त्यानं घडी उलगडून मला मराठीत दाखवलं तेव्हा त्याला कळलंय हे मला कळलं. त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. समजून घेताना मुलं तेलुगू, कन्नड, उर्दू, जी हवी ती भाषा बोलतील, आणि समजल्यावर मला मराठीत सांगतील. "वर्गात मराठीतच बोला" या सक्तीनं आपण गप्प मुलांची मदतीची वाटच बंद करतो. तुमच्या वर्गात बोलणारी आठ-दहा मुलं कोण आहेत ते एकदा पाहा. बहुधा घरी मराठी बोलणारीच निघतील.

मदतीला "आधार देणे" म्हणण्याची जी पद्धत आहे तो मूळ शब्द इमारतीच्या परांचीचा आहे. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६मध्ये तो शिकवण्याच्या संदर्भात वापरला. परांची बांधतात ती काढण्यासाठी. मी मुलांना समच्छेदासाठी पायऱ्या छापलेली पट्टी द्यायचे, पण कधी काढून घ्यायची ते ठरवलं नव्हतं. परीक्षेत पट्टी नव्हती आणि मुलं कोसळली. आता पहिल्या दिवशी चारही पायऱ्या छापलेल्या, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी नुसते पायऱ्यांचे क्रमांक, चौथ्या दिवशी कोरा कागद.

आता विसरण्याचं. दिवाळीनंतर मुलं विसरली यात तुमचं शिकवणं वाईट होतं असं समजू नका. एबिंगहाउसनं १८८५मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं जातं आणि नंतर हळूहळू. तुम्ही एका आठवड्यात साठ गणितं करून घेतली आणि मग तीन आठवडे त्याकडे पाहिलं नाही. तीच साठ गणितं तीन महिन्यांत पसरली असती तर बरीच टिकली असती. दुसरी गोष्ट, पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढण्यात जास्त टिकतं. रोडिगर आणि कारपिके यांनी २००६मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेतलेले पुढे जातात. एका प्रयोगात आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, परीक्षा घेतलेल्यांना ५६ टक्के.

माझ्या तासाची पहिली पाच मिनिटं म्हणून ठरलेली आहेत. फळ्यावर तीन गणितं. एक कालचं, एक मागच्या आठवड्याचं, एक मागच्या महिन्याचं. वही बंद, पाठकोरा कागद, गुण नाहीत. पाच मिनिटांनी मी उत्तरं लिहिते, मुलं स्वतः तपासतात आणि कितव्या गणिताला किती हात वर आले ते मी माझ्या डायरीत टिपते. यापेक्षा स्वस्त आणि जास्त परिणाम करणारी दुसरी गोष्ट मला २६ वर्षांत सापडलेली नाही. तुम्ही एकच बदल करणार असाल तर हा करा.

तपासणं लगेच, यावर मी अडून बसते त्याला कारण आहे. नुसता सराव म्हणजे शिकणं नव्हे हे स्वतः थॉर्नडाईकनंच नंतर दाखवून दिलं. त्यानं माणसांना डोळे बांधून ठरावीक लांबीच्या रेषा पुन्हा पुन्हा काढायला लावल्या, चूक की बरोबर काहीच सांगितलं नाही, आणि सुधारणा झाली नाही. सरावानं शिकणं पक्कं होतं, हा त्याचा सरावाचा नियम आपण पाठ करतो आणि त्याच माणसानं त्या नियमाला पुढे घातलेली मुरड विसरतो. गृहपाठाच्या वह्या आठ दिवसांनी तपासून परत देतो तेव्हा आपण वर्गभर डोळे बांधून रेषाच काढून घेतो. मधल्या आठ दिवसांत २/५ची चूक घट्ट होऊन बसते. ५४ वह्या रोज तपासणं कुणालाच शक्य नाही, म्हणून तर उत्तर तिथल्या तिथे द्यायचं.

स्किनरच्या प्रबलनाबद्दल, म्हणजे योग्य कृतीला लगेच होकार किंवा बक्षीस देऊन ती पक्की करण्याबद्दल, थोडंच सांगते. पाढे, वर्गसंख्या, सूत्रं यांसारख्या चटकन यायला हव्यात अशा गोष्टींत लहान पायऱ्या आणि लगेच मिळणारा होकार फार उपयोगी पडतो. पण चांदण्या, चॉकलेट, तक्ते जपून. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडत होती अशा लहान मुलांना चित्र काढल्यास बक्षीस देऊ असं आधी सांगून ते दिलं. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. मी एक वर्ष चांदण्यांचा तक्ता चालवला होता. दुसऱ्या सत्रात चांगली मुलंसुद्धा सोपी गणितं निवडायला लागली आणि मी तक्ता उतरवला. ज्याला गणिताची मुळीच गोडी नाही त्याला सुरुवातीला थोडं आमिष चालतं, ज्याला आहे त्याला नको.

भीतीचा भाग राहिला आणि तो मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह पचनक्रियेचा अभ्यास करत होता, त्याला १९०४चं नोबेल मिळालं ते त्याच कामासाठी. अन्न येण्याच्या खुणेनंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे अभिसंधान, म्हणजे एका गोष्टीशी दुसरी मनात जोडली जाणं, आपण पाठ करतो आणि लाळेपाशी थांबतो. वर्गात त्याच रीतीनं पोटदुखीही शिकवली जाते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी चाचणीचे गुण मोठ्यानं वाचायचे, कमी गुणांपासून. एक मुलगा दर गुरुवारी गैरहजर राहू लागला. त्याची आजी शाळेत आली तेव्हा कळलं की बुधवारी रात्रीपासून त्याचं पोट दुखतं आणि शुक्रवारी आपोआप थांबतं. गुरुवार चाचणीचा होता. त्या मुलाला माझ्या विषयाची भीती मी शिकवली, पद्धतशीर, दर आठवड्याला. ती जायला वर्ष लागलं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे हे आपण जाणतो, पण गुण वाचून दाखवणं हाही छळच होऊ शकतो हे नोकरीच्या त्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं. तुमच्या न बोलणाऱ्या मुलांपैकी काही भाषेमुळे गप्प असतील, काही अशा कारणानं. दोन्हींना उपाय वेगळा.

पियाजेच्या अवस्थांबद्दल एकच सावधगिरी. सहावीचं मूल अकरा-बारा वर्षांचं, म्हणजे हाताळता येणाऱ्या वस्तूंवरून विचार करण्याच्या मूर्त क्रियात्मक अवस्थेतून नुसत्या कल्पनांवर विचार करण्याच्या औपचारिक अवस्थेकडे निघालेलं. याचा उपयोग वस्तू आणि चित्रं सहावीतही लागतील हे लक्षात ठेवायला करा. "याची ती अवस्थाच आलेली नाही" असं म्हणून मुलाला सोडून देण्यासाठी करू नका. वयाच्या रेषा इतक्या ठाम नसतात. आणि कुणी तुम्हाला मुलांची दृश्य, श्राव्य, कृतिशील अशी वर्गवारी करून प्रत्येकाला त्याच्या शैलीत शिकवा असं सांगितलं तर त्यावर वेळ घालवू नका. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये त्याचे पुरावे तपासले, तेव्हा त्यासाठी पुरेसा आधार सापडला नाही. अपूर्णांक सगळ्यांनीच पाहायला, बोलायला आणि दुमडायला हवेत.

आता तुमच्या १/२ + १/३ कडे परत. माझ्या पद्धतीनं सोमवारपासून काय करता येईल ते सांगते, तुमच्या वर्गाप्रमाणे फेरफार करा. पहिल्या तासाला अपूर्णांक हा शब्दच काढू नका. विचारा, किराणा दुकानातून पाव किलो शेंगदाणे घेतले, आईनं आणखी अर्धा किलो आणायला सांगितले, एकूण किती? सगळा वर्ग ओरडेल, पाऊण किलो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही आपल्या भाषेनं मुलांना फुकट दिलेली दौलत आहे, आणि ज्यांची घरची भाषा वेगळी आहे त्यांनीही बाजारात ती कमावलेली असते. मग फळ्यावर १/४ + १/२ लिहा आणि वहीत सोडवायला सांगा. काही जण २/६ लिहितील. काही बोलू नका. २/६ म्हणजे तिसरा हिस्सा. विचारा, अर्धा किलो घेतला, त्यात पाव मिळवला आणि पिशवी अर्ध्याहून हलकी झाली, असं कसं? तिथे वर्ग शांत होतो. ती शांतता मोडू नका, एखादा मिनिट जाऊ द्या. कोहलरच्या सुलतानालाही थोडा वेळ लागलाच होता.

दुसऱ्या तासाला कागदाच्या पट्ट्या. जोडीला दोन पट्ट्या. एकीचा अर्धा भाग रंगवायचा, दुसरीचा तिसरा. दोन्ही रंगीत भाग शेजारी ठेवून, एकूण किती हे नावानं सांगायचा प्रयत्न करायचा. नाव सापडत नाही, कारण तुकडे सारखे नाहीत. सारखे तुकडे करायची गरज मुलांना इथे हाताला लागते, आणि मगच "छेद" हा शब्द द्या, तेलुगू-कन्नड बोलणाऱ्या जोड्यांना त्यांच्या भाषेत बोलू देऊन. तिसऱ्या तासाला त्याच पट्ट्यांची वहीत चित्रं, खाली आकडे, आणि फळ्यावर तुमची पूर्ण सोडवलेली दोन उदाहरणं. त्यानंतर रोज सुरुवातीच्या पाच मिनिटांत एक अपूर्णांकाचं गणित, वार्षिक परीक्षेपर्यंत, मध्ये भूमितीचा पाठ चालू असला तरी.

पट्ट्या वर्तमानपत्राच्या करा, पण प्रत्येक पट्टी १२ सेंटिमीटरचीच कापा. मी पहिल्यांदा दहाची कापली होती आणि तिसरा हिस्सा काढताना सगळा वर्ग पट्टीवरचं ३.३ मोजत बसला होता.